मागे पडलेल्या एका मुलासाठी तुमच्या शाळेत शिक्षक एकत्र बसतात का?

खडूपेटी | ४ मे, दुपारी ३.४०

निकाल वाटून झाले, कॅटलॉग जमा झाले, डोकं जरा रिकामं आहे म्हणून लिहायला बसले.

मी ठाण्यात एका अनुदानित मराठी शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. चौदा वर्षं झाली. यंदा माझ्या सहावी ब मध्ये एक मुलगा होता. इथे त्याला बाळू म्हणू, खरं नाव नाही. सगळ्या विषयांत काठावर. मराठीत तर तिसऱ्या ओळीनंतर पान कोरं. मी वर्षभर वहीवर 'लेखन पूर्ण करा' असा शेरा मारत राहिले.

निकालाच्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा घेताना त्याचा विषय निघाला. गणिताचे सर म्हणाले, "लिहून घेऊ नका, तोंडी विचारा. पोरगं सगळ्यांच्या आधी उत्तर देतं." पीटीचे सर म्हणाले, "बुधवारी आणि शनिवारी मैदानात नुसता बसून असतो. चक्कर येते म्हणतो." कप उचलायला आलेल्या शिपाई मावशी म्हणाल्या, "येणारच की. त्या दिवशी पहाटे चारला आईबरोबर जांभळी नाक्याला भाजी उचलायला जातो. आमच्याच चाळीत राहतो ना."

वर्षभर आम्ही एकाच किटलीतला चहा प्यालो आणि हे बोलायला मे उजाडला.

नव्या मुख्याध्यापिका बाई जूनपासून एक आड एक शनिवारी अर्धा तास फक्त अशा मुलांसाठी ठेवणार म्हणतात आणि त्याची आखणी माझ्या गळ्यात पडली आहे. कुणाकुणाला बोलवायचं? काय लिहून ठेवायचं? पालक पहिल्याच वेळी हवेत का? ज्यांच्याकडे हे खरोखर चालतं त्यांनी लिहा. जीआर नकोत, ते फाइलीला लावलेले आहेत.

---

पाचपाखाडीकर | ४ मे, दुपारी ४.०५

आमच्याकडे चालतं की. पहिली दहा मिनिटं मागच्या सभेचं इतिवृत्त, पुढची दहा बटाटेवडा, शेवटची दहा "पालकांना बोलावून घ्या". इतिवृत्तात वडा येत नाही, बाकी सगळं येतं.

---

घणसोलीची_आई | ४ मे, संध्या. ६.२०

मी त्या 'बोलावून घेतलेल्या पालकां'पैकी एक, म्हणून पालकांच्या बाजूने लिहिते.

मुलगा चौथीत होता, नवी मुंबईतली सीबीएसई शाळा. शाळेने मीटिंगला बोलावलं. नवरा पुण्याला कामावर, मी एकटी गेले. टेबलाच्या पलीकडे सहा जण: वर्गशिक्षिका, को-ऑर्डिनेटर, समुपदेशक, हिंदीच्या मॅडम, कम्प्युटरचे सर आणि आणखी एक बाई, त्या कोण ते आजतागायत कळलं नाही. अलीकडे मी आणि माझी पर्स. प्रत्येकाने आळीपाळीने सांगितलं की हा काय काय करत नाही. वीस मिनिटांत संपलं. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि घणसोली स्टेशन येईपर्यंत रडले. त्या रात्री मुलावर ओरडले ते वेगळंच. सहा जणांच्या मेहनतीचं फळ इतकंच.

दोन महिन्यांनी दुसरी मीटिंग झाली तेव्हा समुपदेशक बदललेली होती. फक्त ती आणि वर्गशिक्षिका, आणि वर्गशिक्षिका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. पहिला प्रश्न: "घरी न सांगता तो काय करतो?" म्हटलं, बिघडलेला मिक्सर उघडून बसतो. तिने ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न: "किती वेळ?" तास-दीड तास. म्हणजे 'एका जागी बसत नाही' हे पहिल्या मीटिंगचं वाक्य तिथेच बाद झालं.

त्यामुळे खडूपेटी, माझ्या मते पालक पहिल्या वेळी नकोत. आधी तुमचं तुम्ही बोला, तुमच्यातली भांडणं मिटवा. मग एकाने किंवा दोघांनी पालकांना भेटा, आणि खुर्च्यांचं तेवढं बघा.

---

तिरकस_कंपास | ४ मे, संध्या. ६.४१

ती सहावी बाई फोटो काढायला आली असणार. फोटोशिवाय उपक्रम झाला असं कुणी मानत नाही.

---

निवृत्त_पर्यवेक्षक | ४ मे, रात्री ९.१५

चौतीस वर्षे नोकरी झाली, शेवटची नऊ पर्यवेक्षक म्हणून. थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

अशा समित्या मी पुष्कळ पाहिल्या. आमच्या काळी मुलांची वाटणीच तुकड्यांनी होई. अ तुकडीला हुशार आणि शेवटच्या तुकडीला 'ढ'. ते वाईटच होते, समर्थन करीत नाही. पण त्या शेवटच्या तुकडीला एक वर्गशिक्षक असे आणि त्याला प्रत्येक पोराचे घर ठाऊक असे. मी स्वतः सायकलने कोपरीपासून राबोडीपर्यंत घरे पालथी घातली आहेत.

२०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्याच वर्षी शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. हेतू चांगला होता, मुलाला भीती नसावी. शाळांनी त्यातून एवढेच घेतले की कुणी काही विचारणार नाही. आकारिक नोंदींच्या, म्हणजे वर्षभर मुलाचे निरीक्षण टिपण्याच्या, वह्यांत पन्नास मुलांपुढे एकच वाक्य, 'प्रगती समाधानकारक आहे', खाली वरच्यासारखेच अशी दोन टिंबे. तेच पोर नववीत आले की सगळ्यांना एकदम शोध लागे की याला वाचता येत नाही. मग घाईघाईने १७ नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून दहावीला बसवायचे, म्हणजे शाळेचा निकाल शंभर टक्के. आता २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा आली आहे. त्याने नववीऐवजी पाचवीत कळेल, इतकेच.

मुद्दा असा की मुलाला ओळखणारा एक माणूस हवा. सात माणसांची समिती झाली की जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

---

आकडेमोड | ४ मे, रात्री १०.३०

सर, आदराने असहमत.

मी गणिताचा, चार तुकड्या माझ्याकडे. कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक. माझ्या सातवी अ मध्ये ६२ आहेत. म्हणजे रोज साधारण अडीचशे पोरं डोळ्यांपुढून जातात. वर्गशिक्षक म्हणून मी माझ्या वर्गाला रोज दोन तास बघतो, उरलेले सहा तास ती पोरं दुसऱ्यांच्या ताब्यात. खडूपेटींच्या बाळूचं बघा. तोंडी गणित सरांना दिसलं, चक्कर पीटीला दिसली, पहाटेचा बाजार मावशींना. यातली एकही गोष्ट मराठीच्या तासाला दिसणार नव्हती. सायकलवरून घरी गेलेल्या वर्गशिक्षकालाही तोंडी गणित दिसलं नसतं.

'जबाबदारी कुणाचीच नाही' हे मात्र शंभर टक्के खरं. त्याला आम्ही काढलेला उपाय म्हणजे एका मुलाला एक पान. वरती नाव नाही, फक्त हजेरी क्रमांक. खाली: काय पाहिलं, कुणी पाहिलं, आता एक गोष्ट कोण करणार, कधी परत बघायचं. 'कोण करणार' इथे एकच नाव. 'सर्व शिक्षक' लिहिलं की मुख्याध्यापक पान परत देतात. आणि करायची गोष्ट इतकी लहान हवी की शुक्रवारी विचारलं तर 'केली' किंवा 'नाही केली' एवढंच उत्तर निघेल. "वैयक्तिक लक्ष देणे" चालत नाही. "मंगळवारी मधल्या सुट्टीत पाच गणितं तोंडी घेणे" चालतं.

---

तिरकस_कंपास | ४ मे, रात्री १०.३४

वैयक्तिक लक्ष देणे = येता-जाता टपली मारणे. आमच्या भूगोलाच्या सरांनी माझ्याकडे फार वैयक्तिक लक्ष दिलं.

---

न्यूजर्सीतला_ठाणेकर | ५ मे, सकाळी ७.५०

(मूळचा चरई. तलावपाळीची भेळ आठवून पंधरा वर्षं काढली.)

इथल्या पद्धतीबद्दल लिहितो, मुलीला दुसरीत वाचायला अडत होतं तेव्हा जवळून पाहिली. तीन पायऱ्या असतात. पहिली सगळ्या वर्गाला चांगलं शिकवणं. तरी जे मागे राहतात त्यांना तीन-चार जणांच्या गटात आठवड्यातून काही वेळा जादा मदत, आणि दर काही आठवड्यांनी छोटी चाचणी घेऊन आलेख काढायचा. त्यानेही रेष वर गेली नाही तर तिसरी पायरी, जवळजवळ एकास एक. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, केंद्र सरकारच्या २००४ च्या कायद्याने याला जोर आला: मूल पुरतं नापास होईपर्यंत थांबू नका, मदत देऊन बघा आणि मदतीला कसा प्रतिसाद देतंय त्यावरून ठरवा.

न्यूजर्सीत प्रत्येक 'स्कूल डिस्ट्रिक्ट'कडे (शाळा चालवणारा स्थानिक विभाग) 'चाइल्ड स्टडी टीम' असते: शाळेचा मानसशास्त्रज्ञ, अध्ययन अक्षमतेची जाणकार शिक्षिका आणि शालेय समाजसेवक. त्यांतला एक जण तुमच्या मुलाचा केस मॅनेजर होतो, म्हणजे वर आकडेमोड म्हणाले तेच 'एकच नाव'. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मूल्यांकनाला हात लावत नाहीत.

सगळं गोड नाही हं. कागद इतके की बायको म्हणाली, घराच्या कर्जाला याहून कमी सह्या केल्या होत्या. आणि शिक्षिका मुलीकडे बघण्याऐवजी आलेखाकडे बघते असं मला अधूनमधून वाटायचं.

---

पाचपाखाडीकर | ५ मे, सकाळी ८.०२

तिकडे टीम, इकडे टीएमटीची बस. येईल तेव्हा येईल, आली तर भरलेली.

---

खारेगावची_मालन | ५ मे, सकाळी ९.४०

मला वेगळंच खुपतंय. बारा वर्षांचं पोर पहाटे चारला भाजीच्या गोणी उचलतंय आणि इथे मूल्यमापनाच्या गप्पा. हा बालमजुरीचा प्रश्न आहे, कुणीतरी तक्रार करायला हवी.

---

निवृत्त_पर्यवेक्षक | ५ मे, सकाळी १०.१०

मालनताई, बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. कुटुंबाच्या स्वतःच्या धंद्यात, शाळेच्या वेळेबाहेर मुलाने हातभार लावण्यास मुभा आहे, धोक्याचे काम वगळून. ती योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत, पण तक्रार करून त्या माउलीची पाटी बंद पडेल, दुसरे काही व्हायचे नाही.

---

खारेगावची_मालन | ५ मे, सकाळी १०.२२

मुभा आहे म्हणून झोप पूर्ण होते का सर?

---

निवृत्त_पर्यवेक्षक | ५ मे, सकाळी १०.४०

नाही होत. मान्य.

---

कोपरखैरणेकर_विशेष | ५ मे, दुपारी १.३०

मी विशेष शिक्षिका आहे, समग्र शिक्षा या सरकारी योजनेत कंत्राटी. माझ्याकडे बऱ्याच शाळा आहेत, एका शाळेत फार तर पंधरवड्यातून एकदा पोचते. म्हणून सांगते, माझी वाट बघू नका. मी येण्याआधी शाळेने स्वतः करायच्या चार गोष्टी आहेत आणि तेवढ्या झाल्या तर निम्म्या मुलांना माझी गरजही लागत नाही.

सगळ्यात आधी डोळे आणि कान. हसू नका. फळ्यावरचं न दिसणारं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून वर्षानुवर्षं बसलेलं असतं. शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या दिवशी ते गैरहजर असेल तर राहूनच गेलं, म्हणून कार्ड स्वतः काढून बघा. मग झोप आणि पोट. बाळूचं अर्धं कोडं इथेच असू शकतं. मग हजेरीपट वारांनुसार बघा, महिन्यांनुसार नको. कुठल्या वारी दांडी पडते ते घरचं बरंच सांगून जातं. आणि शेवटी त्याला समोर बसवून मोठ्याने वाचायला सांगा. सातवीचा धडा नको. असरच्या पाहणीत (मुलांना कितपत वाचता येतं ते घरोघरी बघतात ती) अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या असतात, तसं एका पानावर घ्या. पाच मिनिटांत कळतं पोरगं कुठे अडतंय.

आता कृपा करून एक करू नका. स्टाफरूममध्ये "हा डिस्लेक्सिक आहे" (म्हणजे वाचन-लेखनाची अक्षमता आहे) असं ठरवू नका. तोंडी येतं आणि लिहिता येत नाही, यामागे लेखन अक्षमता असू शकते, किंवा कुणी कधी नीट लिहायला शिकवलंच नाही हेही असू शकतं. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून आधी सहा-आठ आठवडे ठरवून मदत द्यायची, तारखेसकट नोंद ठेवायची, आणि तरी हललं नाही तर तपासणीला पाठवायचं. ती नोंद सोबत असेल तर पुढच्या डॉक्टरांचं कामही सोपं होतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली आहे. मुंबईच्या बाजूचे पालक प्रमाणपत्रासाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जातात. नंबर लागायला वेळ लागतो, तेव्हा दहावीच्या डिसेंबरात जाग येऊन उपयोग नाही. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात. नवी मुंबईत राहणाऱ्यांनी वाशीच्या सेक्टर ३० मधलं महापालिकेचं ईटीसी केंद्र एकदा बघून यावं, दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचं आणि थेरपीचं काम तिथे एका छताखाली चालतं.

---

घणसोलीची_आई | ५ मे, दुपारी २.०५

'दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात' हे कुणीतरी मला चार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. धन्यवाद ताई.

---

दुसरीच्या_बाई | ५ मे, दुपारी ३.१५

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. सातवीतल्या मुलाला जोडाक्षरं येत नसतील तर माध्यमिकच्या शिक्षकाने ती शिकवायची कशी? बीएडला वाचन शिकवायला शिकवत नाहीत. मराठी साहित्य, कवितेचं रसग्रहण, टाचण, सगळं शिकवतात. पण 'प' ला 'र' कसा जोडायचा, मूल 'प्रकाश'चा 'परकाश' का वाचतं आणि मग काय करायचं, हे डीएडवाल्यांचं, म्हणजे आम्हा प्राथमिकच्या शिक्षकांचं काम आहे. आमच्या पिशवीत कार्डं असतात, ठोकळे असतात, चुकांचे प्रकार पाठ असतात.

आणि बहुतेक जुन्या शाळांत प्राथमिक विभाग त्याच आवारात असतो! फक्त मुख्याध्यापक वेगळे, स्टाफरूम वेगळी, मधे एक जिना. आमच्याकडे तर जिन्याला कुलूपही आहे. खडूपेटी, तुमच्या समितीत खालच्या मजल्यावरची एक बाई घ्या. पहिली ते चौथी मूल तिच्याच हाताखालून वर आलेलं असतं, बाळूने 'पंखा' कसा लिहिला होता तेसुद्धा तिला आठवेल.

---

आकडेमोड | ५ मे, दुपारी ३.३१

बीएडवाला म्हणून कबूल करतो. नववीतल्या मुलाला वजाबाकीत हातचा कळत नाही हे मला दिसतं, पण 'दशक सुटा करून' दाखवायला मी पहिल्यांदा शिकलो ते माझ्या मुलीच्या दुसरीच्या पुस्तकातून. धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद.

---

बीएलओ_क्र_अमुक | ५ मे, रात्री ८.५०

सगळं ऐकलं. आता कुणीतरी सांगा, अर्धा तास आणायचा कुठून? मतदार याद्या आम्ही करायच्या, सर्वेक्षण आम्ही करायचं, खिचडीचा हिशोब आम्ही ठेवायचा, ऑनलाइन माहिती रात्री अकराला सर्व्हर मोकळा झाल्यावर आम्ही भरायची. माझ्या स्टाफरूममध्ये आठ जण, त्यांतले चार बीएलओ (मतदार यादीच्या कामाला जुंपलेले). एखाद्या मुलाबद्दल बोलायला बसलो तर त्या वेळी चार वर्ग मोकळे. मोकळ्या वर्गात काय होतं ते आठवत असेलच.

---

आकडेमोड | ५ मे, रात्री ९.१०

रास्त आहे. आमच्याकडे मुख्याध्यापक त्या अर्ध्या तासाला स्वतः दोन तुकड्या हॉलमध्ये घेऊन बसतात, वर्तमानपत्रातली कात्रणं वाचून दाखवतात. ते स्वतः बसले नसते तर पहिल्या महिन्यातच बंद पडलं असतं. वरून 'वेळ काढा' म्हणणारे पुष्कळ भेटतात, वेळ देणारा हा एकच पाहिला.

---

गप्प_बसलेला | ६ मे, पहाटे १.२०

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो.

मी शेवटच्या तुकडीतला. शाळा वागळे इस्टेटच्या बाजूची, नाव नको. नववीत मला १७ नंबरच्या यादीत टाकलं होतं. मला ते माहीत नव्हतं, मी आपला वार्षिकचा अभ्यास करत होतो.

ग्रंथपाल मॅडमनी अडवलं हे पुढे कळलं. मी त्यांच्याकडे रोज मधल्या सुट्टीत जायचो, कारण बाहेर पोरं मारायची. वाचायला यायचं नाही म्हणून विमानांच्या पुस्तकातली चित्रं बघायचो. त्यांनी इंग्रजीच्या सरांना गाठलं, सरांनी विज्ञानाच्या बाईंना. तिघांनी मला वाटून घेतलं. शाळा भरायच्या आधी वीस मिनिटं सरांकडे, शुक्रवारी बाईंकडे प्रयोगशाळेत, आणि मधली सुट्टी ग्रंथालयात. प्रयोगशाळेतले काका किल्ली घेऊन लवकर यायचे, त्यांना तर कुणी सांगितलंही नव्हतं.

मला वाटायचं हे सगळं आपोआप घडतंय. पंचवीस वर्षांनी सरांना भेटलो तेव्हा कळलं की स्टाफरूममध्ये माझ्यावरून दोन तट पडले होते, एका बाईंनी सरांशी सहा महिने अबोला धरला होता. "निकालाचं कोण बघणार" म्हणून.

दहावीला ५१ टक्के. गणितात काठावरच. आजही मोठा मजकूर असला की मी फोनला वाचून दाखवायला सांगतो. एसीची कामं घेतो, माणसं आहेत हाताखाली. काही ग्रेट झालं नाही, पण यादीत असतो तर काय झालं असतं ते मला माहीत आहे, कारण यादीतले बाकीचे चार जण माझ्या गल्लीतच राहायचे.

---

निवृत्त_पर्यवेक्षक | ६ मे, सकाळी ६.३०

अशा याद्यांवर मी सह्या केल्या आहेत. एवढेच लिहितो.

---

तीन_हात_नाका | ६ मे, सकाळी ११.००

ठाण्याचा विषय आहे तर सिग्नल शाळेचं नाव यायलाच हवं. २०१६ मध्ये तीन हात नाक्याच्या पुलाखाली महापालिका आणि एका संस्थेने सुरू केली, सिग्नलला गजरे-खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी. कंटेनरमध्ये वर्ग. २०१८ ला तिथली पहिली मुलं दहावी पास झाली. मुद्दा हा की तिथे मुलाला शाळेच्या वेळेत बसवण्याआधी शाळाच मुलाच्या जागेवर नेली. मालनताईंच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे असं नाही, पण बाळूचे बुधवार-शनिवार बदलणार नसतील तर शाळेने आपलं वेळापत्रक थोडं हलवून बघावं. त्या दोन दिवशी पहिल्या तासाला मराठीचं लेखन नको, एवढं तरी जमेल ना?

---

वर्तकनगरची_सून | ६ मे, दुपारी १२.४५

एक धोक्याची सूचना. एका शाळेत (नाव नाही) शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एका मुलीबद्दल लिहिलं: घरी वडील पितात, म्हणून ती अशी आहे. चांगल्या हेतूनेच. त्याचा स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर गेला, दुसऱ्या दिवशी वर्गात. मुलीने शाळा सोडली. दाखला न्यायला तिची आजी आली होती. तेव्हा जे काही लिहाल ते कागदावर लिहा आणि कागद कपाटात ठेवा. फोनवर काही नको.

---

खडूपेटी | ६ मे, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार, विशेषतः गप्प_बसलेला यांचे. प्रिंट काढून मुख्याध्यापिका बाईंना देतेय (वडा-टीएमटी वगळून). जूननंतर काय झालं ते कळवीन.

---

तिरकस_कंपास | ६ मे, रात्री ९.३३

वडा वगळलात तर इतिवृत्तात आणि तुमच्यात फरक काय राहिला?

---

खडूपेटी | २७ जुलै, दुपारी ४.२०

धागा वर काढते. तीन शनिवार झाले.

पहिला पूर्ण फसला. प्रत्येकाने आपापल्या वर्गातली नावं आणली, ती झाली सतरा. अर्ध्या तासात सतरा मुलं म्हणजे हजेरी घेतल्यासारखं झालं. 'आळशी', 'लक्ष नाही', 'घरचं वातावरण' यापलीकडे कुणी गेलं नाही, मीसुद्धा. दुसऱ्या वेळी तीनच मुलं घेतली आणि असे शब्द वापरले की पाच रुपये बिस्किटाच्या डब्यात. पहिल्या दहा मिनिटांत पंचेचाळीस रुपये जमले, त्यातले पंधरा माझे. पण त्यानंतर लोक "मी काय पाहिलं" असं बोलायला लागले. इतिहासाच्या बाई अजून येत नाहीत. त्यांचं म्हणणं, हे सगळं वर्गशिक्षकाचं काम. मी आग्रह सोडून दिलाय.

शिपाई मावशींना बोलावलं तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसेनात. तिसऱ्या शनिवारी बसल्या.

आता बाळू. डोळे तपासले, ठीक आहेत. (मला मनातून वाटत होतं चष्म्यावर सुटेल. नाही सुटलं.) खालच्या मजल्यावरच्या तिसरीच्या बाईंनी त्याला वाचायला बसवलं. परिच्छेद वाचतो, जोडाक्षर आलं की अंदाजाने ठोकतो. लिहिताना जोडाक्षर यायची वेळ आली की थांबतो, म्हणून तीन ओळी! त्याला येणारे शब्द तिसऱ्या ओळीपर्यंत संपत होते आणि मी खाली 'लेखन पूर्ण करा' लिहीत होते. आता सोमवार आणि गुरुवार मधल्या सुट्टीत वीस मिनिटं त्या बाईंकडे. खाली लहान मुलांत जायला लाजत होता, म्हणून त्यांनी त्याला तिसरीच्या भाजी-बाजाराच्या खेळात हिशोब तपासायला बसवलंय. तो तिकडे रुबाबात जातो. सहा आठवडे व्हायचेत, म्हणून कोपरखैरणेकर ताई, अजून काही ठरवलं नाही.

आईला मी आणि पीटीचे सर घरी जाऊन भेटलो. बुधवार-शनिवार सुटणार नाही म्हणाल्या, गोणी एकटीने रिक्षात चढत नाही. पण बुधवारी त्याला परस्पर शाळेत पाठवायच्या त्या आता आधी घरी आणून चहा-चपाती देऊन पाठवतात. चक्कर कमी झाली, झोप तशीच. मालनताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आणि अडचण तीच, बीएलओ दादांची. मुख्याध्यापिका बाईंनी दोनदा वर्ग सांभाळले. तिसऱ्या वेळी त्यांना शिक्षण विभागाच्या व्हीसीला (व्हिडिओवरच्या बैठकीला) बसावं लागलं आणि सातवी ब मोकळी राहिली. एक बाक तुटला.

---

कोपरखैरणेकर_विशेष | २७ जुलै, संध्या. ५.१०

तिसरीच्या बाईंना नमस्कार सांगा. तो कुठल्या जोडाक्षरांना अडतो ते त्यांच्याकडून लिहून घ्या, रफार असेल तर एक प्रकार, 'त्र-ज्ञ-क्ष' असेल तर दुसरा. आणि तारखा विसरू नका.

---

पाचपाखाडीकर | २७ जुलै, संध्या. ५.४५

पंचेचाळीस रुपयांत चार वडे येतील का आता नौपाड्यात?

---

निवृत्त_पर्यवेक्षक | २७ जुलै, रात्री ८.००

शनिवारी सकाळी मी मोकळा असतो. तलावपाळीला फेऱ्या मारण्यापेक्षा तुमची सातवी ब सांभाळीन. एक आड एक शनिवार. मुख्याध्यापिकांना विचारून कळवावे. ओळखपत्र, अर्ज, जे लागेल ते देतो.

---

खडूपेटी | २७ जुलै, रात्री ८.१२

सर, सोमवारीच विचारते. पण आधीच सांगितलेलं बरं: ६४ मुलं आहेत, आणि बाक एक कमी आहे.